कोरं कार्ड

टॅब घ्यायला जाताना बायकोला दुकानात नेलं असतं, तर आमच्या ह्यांची काय अब्रू गेली असती का? धुळ्यात आमचा शूटिंगचा धंदा आहे. कॅमेरा मी चालवते, एडिटिंग मी करते. हे, म्हणजे प्रेमराज, गाडी चालवतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. तरी खरेदीचं काही निघालं की निघणार हेच. "तू कशाला दगदग करतेस, ज्योत्स्ना? मी आणतो ना."

मी चिठ्ठी लिहून दिली होती, चांगली मोठ्या अक्षरात. कॅमेऱ्याचं कार्ड टॅबमध्ये घालता आलं पाहिजे. बाहेरची डिस्क लावली की उघडली पाहिजे. जागा दोनशे छप्पन जीबी, त्याच्या खाली नको. हे गेले जळगावला, का तर तिथे नवीन नावाच्या ह्यांच्या दोस्ताचं दुकान आहे. नवीनशेठ म्हणाले, "अरे प्रेमराज, कार्ड-बिर्ड आता कोण वापरतं? सगळं क्लाउडवर जातं." झालं! घेऊन आले चौसष्ट जीबीचा. कार्डाला जागा नाही, डिस्क लावली तर ओळखत नाही. पण स्क्रीन केवढी मोठी, आणि कव्हर फुकट मिळालं म्हणून स्वारी खूश.

आता हा टॅब मला कशाला हवा होता ते ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. धुरपदाबाई माझी सख्खी आत्या, आम्ही तिला फुई म्हणतो. शिरपूरकडच्या एका खेड्यात दिली आहे तिला. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू ती आदल्या दिवशी जात्यावर दळते आणि दळताना गाते. गाणं तिच्या सासूचं, आणि आता ते पूर्ण येणारी ती एकटीच उरली आहे. फुईच्या गळ्यात गाठ निघाली. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. त्याच्या आधीचा रविवार कानबाईचा. म्हणजे शनिवारी दळताना ती गाईल तेच तिचं शेवटचं गाणं, आणि ते मला आवाजासकट हवं होतं.

"मग आजच गा ना, फुई, मी इथे रेकॉर्ड करते," असं मी आधी म्हणून पाहिलं होतं. तर म्हणे, "दळन नही, तं गानं कसानं?" आणि दळणाच्या खोलीत त्यांच्या भाऊबंदांबाहेरचं माणूस चालत नाही, हा त्या घरचा नियम. मी तिच्या भावाची मुलगी, म्हणजे तिच्या माहेरची ना! बाहेरची!

म्हणून ठरलं की कॅमेरा आत स्टँडवर लावायचा, आणि मी बाहेर ओट्यावर बसून टॅबवरून चालवायचा. शनिवारी फुईनं स्वतः स्टँड आत नेला. "तू भाईर बठ, माय. दळन व्हयनं का मंग ये." मी बसले. टॅबवर चित्र स्वच्छ येत होतं. मी फोकस धरत होते, उजेड कमी-जास्त करत होते, फुईचा हात फिरताना दिसत होता, ओठ हलताना दिसत होते. गाणं दारातून ऐकू येत होतं, त्या ॲपच्या चित्राला आवाज नसतो. त्याची मुकी प्रत टॅबमध्ये राहते, पण ती नुसती बघायला, खरा आवाज कॅमेऱ्यातल्या कार्डावर जातो. हे मला माहीत होतं. शेजारी बसून मान डोलावणाऱ्या ह्यांना नव्हतं.

दळण आटोपलं. आता कार्डावरचं लगेच दुसरीकडे उतरवून घ्यायचं, हा माझा नियम. लॅपटॉप ह्यांनी मला न विचारता धुळ्यातच ठेवला होता, कारण टॅब असताना लॅपटॉपचं ओझं कशाला, असं ह्यांचं म्हणणं. टॅबला कार्ड लागेना, डिस्क चालेना. क्लाउड म्हणाल तर त्या गावात रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, तीही वारा असला तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे तोंडाला आलं ते बोलले. नवीनशेठच्या सात पिढ्यांची आठवण काढली. हे उलट म्हणतात, "दिसतंय ना सगळं टॅबमध्ये? मग कशाला बोंबलतेस?"

एरवी भरलेलं कार्ड मी डबीत घालते, डबी पर्समध्ये आणि पर्स उशाशी. त्या दिवशी रागाच्या भरात कार्ड त्यांच्यापुढे खाटेवर टाकलं. "घ्या! एवढे शहाणे आहात ना, तर तुमचं तुम्ही सांभाळा." आणि जाऊन बायकांत बसले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी नाचत-गाजत विसर्जनाला नदीवर गेली. शूटिंग ह्यांनीच केलं. फुई कोपऱ्यात बसून होती, गाणं वगैरे नाही, डीजेपुढे कोण गाणार? संध्याकाळी तिला धुळ्याला आणलं. मंगळवारी तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तिनं माझा हात दाबला. मी बाहेर बाकावर बसले आणि लॅपटॉप उघडून त्यात ह्यांच्याकडून घेतलेलं कार्ड घातलं.

कार्डावर रविवार होता, सोमवार होता. शनिवार नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "दळण कुठे आहे?"

"टॅबमध्ये आहे ना. मी बघूनच कार्ड फॉरमॅट केलं."

"फॉरमॅट का केलं?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच वेडी. "कानबाईना कार्यक्रम शे, ज्योत्स्ना. घराला नवा रंग, नवं वस्त्र, सगळं कोरं. तिच्यापुढे उष्टं कार्ड कसं लावू? दुसऱ्यात शिरपूरचं बारसं होतं. म्हणून हे कोरं करून लावलं."

उष्टं कार्ड! मी टॅब ओढून घेतला आणि तो व्हिडिओ लावला. फुईचा हात फिरतोय, ओठ हलताहेत, आवाज नाही. मी त्या बाकावर जे ओरडले, त्यानं नर्स धावत आली. लाज वाटली नाही मला. आजही वाटत नाही. त्याच दुपारी कार्ड घेऊन दोन दुकानं फिरले. दोघांनीही सांगितलं, वरून नवीन भरलंय ताई, जुनं येणार नाही.

ह्यांनी माफी मागितली. रडले. मला दया आली नाही. देवीसाठीच केलं, हे खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. माणसानं वाईट हेतूनं केलं असतं तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. आणि कार्ड खाटेवर टाकलं कोणी? मीच ना! ते तर कोणाला सांगूही शकत नव्हते.

चौथ्या दिवशी फुईला वॉर्डात आणलं. गळ्याला भोक, त्यात नळी. तिनं बोटानं हवेत चौकोन काढून दाखवला, टॅब दे म्हणून. मी देत नव्हते. तिनं डोळे वटारले, तेव्हा दिला. तिनं स्वतःला बघितलं, हसली, मग टॅब कानाशी धरला. हलवला. बाजूचं बटण शोधून आवाज पूर्ण वर नेला आणि पुन्हा कानाशी धरला.

"आवाज नाही त्यात, फुई," मी म्हटलं. "पुसला गेला. ह्यांनी पुसला, पण मी रागावून कार्ड फेकलं म्हणून पुसला गेला."

तिनं टॅब मांडीवर ठेवला. एकदा मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग तिनं व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला, चादरीवर हात गोल फिरवायला लागली, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या तोंडाकडे केलं. तू गा.

मी सुरू केलं. "कानबाई माय उनी, आंगन झाडा वं. सव्वा शेर गहू मना, जातं मांडा वं."

तिचे ओठ पुढच्या ओळीवर गेले. लहानपणापासून दर श्रावणात मी ते गाणं ओट्यावरून ऐकलं होतं, आणि त्या शनिवारी तर अख्खं दळण ओट्यावर बसून नुसता फोकस बघत होते. फुई हात फिरवत थांबली होती, पुढचं म्हण म्हणून मान हलवत होती. तिसरी ओळ मला येत नव्हती.