रंगाऱ्याचा चेहरा

लेकीने खोकं उघडलं, तेव्हा रंगाऱ्याने आधी चष्मा पुसून घेतला. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस, रंगाच्या बाबतीत त्याला भुलवणं काही सोपं नव्हतं. पण ती जेवणाच्या टेबलावर एकेक वस्तू मांडू लागली आणि गडी गारच झाला.

अस्वलाच्या डोक्याचं झाकण असलेली क्रीमची डबी. अंड्याच्या आकाराचा साबण, तोही पुठ्ठ्याच्या घरट्यात ठेवलेला. बोटभर उंचीची दुधाची बाटली आणि तिच्यात ओठांचा रंग. डोळ्यांखाली फिरवायची गारेगार कांडी, आणि ती कांडी म्हणजे चक्क मांडी घालून बसलेला पांडा!

"हे लावायचं की खेळायचं?" त्याने विचारलं.

"लावायचं, बाबा. कोरियन आहे सगळं."

रंगाऱ्याने पांडा उचलला आणि थेट खिडकीशी नेला. कानापाशी काळा संपत होता आणि तिथेच पांढरा सुरू होत होता. एक केसभरही रंग इकडचा तिकडे नव्हता.

"मी टेप लावून रेघ मारतो, तरी कुठेतरी रंग झिरपतोच," तो म्हणाला. "हे ज्याने केलंय ना, त्याच्या पाया पडायला हवं."

"मशीन करतं ते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मग मशीनच्या पडतो!"

अस्वलाचं झाकण त्याने सात-आठ वेळा लावून-काढून पाहिलं. दर वेळी तोच टक असा गोड आवाज. शेवटी लेकीने डबी त्याच्या हातातून काढून घेतली.

खोकं तसं हौसेचं नव्हतं. चौकातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी होती आणि तिघी निवडीपर्यंत पोचल्या होत्या. मालकीणबाईंनी तिघींना सारखंच खोकं दिलं होतं. सोमवारी घरचं किंवा ओळखीचं कुणीतरी घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर त्याचा चेहरा सजवून दाखवायचा. हिचा हा चौथा प्रयत्न. आधीच्या तीन ठिकाणांहून 'कळवतो' असं सांगून कुणी कळवलं नव्हतं, आणि पोरगी हल्ली जेवणाच्या ताटावरून अर्धवट उठू लागली होती. ही नोकरी तिला मिळायलाच हवी, असं रंगाऱ्याला मनापासून वाटत होतं.

आणि तरीही एक गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. तिच्या अर्जाची प्रत फ्रीजवर पडली होती, ती त्याने सहज वाचली. वडिलांचा व्यवसाय: ठेकेदार. आयुष्यात त्याने ठेका म्हणून कधी घेतला नव्हता. त्याने कागद होता तिथे ठेवला आणि उडू नये म्हणून वर चुंबकही लावलं.

रविवारी दुपारी आईला खुर्चीत बसवून तालीम सुरू झाली. आई हॉस्पिटलात परिचारिका, पेशंटला गप्प बसवणारी बाई, आज स्वतः गप्प बसली होती. साबण झाला, पाण्यासारखं काहीतरी झालं, मग दाट सीरम, मग अस्वलाची क्रीम, मग उन्हापासून वाचवणारं मलम. लेक घड्याळ बघत एकावर एक थर चढवत होती. शेवटी गोल डबीतला त्वचेच्या रंगाचा फाउंडेशनचा स्पंज तिने गालावर टेकवला मात्र, आणि गालावरून खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघायला लागल्या.

"मालच खराब आहे!" लेक रडकुंडीला आली.

"माल झकास आहे," दारात उभा असलेला रंगारी म्हणाला. "तुझी घाई खराब आहे. पहिला हात ओला असताना दुसरा मारलास, तर तो पहिल्याला घेऊनच उतरणार."

"बाबा, ही भिंत नाहीये! आईचा चेहरा आहे!"

"भिंतीचा निदान राग येत नाही कुणाला. बोटाची मागची बाजू लावून बघ. चिकट लागलं की थांबायचं. कोरडं लागलं की पुढचा हात."

"आधी मला पुसा कुणीतरी," आई म्हणाली. "मग खुशाल भांडा."

लेकीने नाक मुरडलं. पण संध्याकाळी रंगारी पाणी प्यायला उठला, तर टेबलाशी बसून ती स्वतःच्या मनगटावर थर लावत होती, थांबत होती, बोटाची मागची बाजू टेकवत होती. तो आल्या पावली तहानलेलाच परत फिरला.

सोमवारी सकाळी आईच्या हॉस्पिटलातून फोन आला. दोघी परिचारिका आजारी, ताबडतोब या. आईने पर्स उचलली. "अहो, तुम्ही जा हिच्याबरोबर," एवढं म्हणून ती गेलीसुद्धा.

लेक बापाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. सुरकुत्यांत बसलेली पांढरी धूळ, भुवईवर कुठल्याशा दिवाणखान्याचा पिस्ता रंग.

"ठेकेदाराला शोभेलसा शर्ट घालू का?" रंगाऱ्याने विचारलं.

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. "निळा घाला," ती कशीबशी म्हणाली.

दुकानात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीने बहीण आणली होती, दुसरीने मैत्रीण. दोघींचे हात सपासप चालले होते. आपली लेक मात्र अंड्याच्या साबणाने भुवईवरचा पिस्ता रंग काढत बसली होती. मग तिने सीरम लावलं आणि चक्क हात बांधून उभी राहिली.

"का थांबलीस?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सुकू देतेय."

पुढच्या थरानंतर ती पुन्हा थांबली. शेजारच्या दोघींचं आटोपलं तरी ही बोटाची मागची बाजू लावून बघतेच आहे! रंगाऱ्याचा जीव टांगणीला लागला. उगाच शिकवलं, असं त्याला वाटून गेलं. तेवढ्यात पांडा त्याच्या डोळ्यांखालून फिरला आणि त्या गारव्याने तो जरासा निवला.

मालकीणबाई दिवा आणि तिघींचे अर्ज घेऊन आल्या. बहिणीच्या हनुवटीवर वळ्या निघाल्या होत्या, मैत्रिणीच्या नाकाशी थर फाटला होता. रंगाऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांनी दिवा या गालावरून त्या गालावर नेला. सुरकुत्या होत्या तिथेच होत्या, पण प्रत्येक सुरकुती स्वच्छ, तुकतुकीत दिसत होती.

"एवढ्या कोरड्या कातडीवर इतकं एकसारखं?" त्या म्हणाल्या. "कुठे शिकलीस हे?"

लेकीने त्यांच्या हातातल्या अर्जाकडे पाहिलं.

"बाई, त्यात मी खोटं लिहिलंय. माझे बाबा ठेकेदार नाहीत, रंगारी आहेत. हे त्यांनीच शिकवलं मला."

मालकीणबाईंनी अर्ज आणि पेन तिच्यापुढे धरलं. "मग ते खोड आणि नीट लिही. उद्या दहाला ये."

लेकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं. खुर्चीत रंगाऱ्याचे डोळे काठोकाठ भरले. तिने पेन टाकलं आणि धावत येऊन कागदी रुमालाचं टोक त्याच्या पापणीखाली धरलं.

"बाबा, आत्ता नाही," ती म्हणाली. "शेवटचा हात अजून ओला आहे."