कानाला लावलेला फोन

वकीलसाहेबांच्या घरी एक कवायत होती. हॉटेलात जेवून बाहेर पडलं की सगळ्यांनी पोर्चमध्ये तयारीत उभं राहायचं आणि गाडी समोर आली की पटापट आत बसायचं. रेंगाळायचं नाही. वकीलसाहेब स्वतः फोन कानाला लावून "हो, हो, पुढची तारीख मिळालीये" असं बोलत यायचे आणि दार धरून उभ्या असलेल्या माणसाकडे न बघता आत शिरायचे. फोनवर कुणीही नसायचं. हे बायकोला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर दार धरणाऱ्यालाही माहीत असायचं.

आपल्यापैकी किती जण हा फोन करतात, ते ज्याचं त्याने आठवून बघावं.

आईच्या वाढदिवसाला तिघं शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर जेवायला गेले. गाडी लावून ठेवायला आलेला माणूस पन्नाशीचा होता, मिशा पांढऱ्या, गणवेश दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा. त्याने आईला हात देऊन उतरवलं. पायऱ्या चढण्याआधी आईला दम लागला, तेव्हा तिची पिशवी धरून तोच उभा राहिला. आईने पिशवीतून दम्याचा पंप काढला, तोंडात मारला, परत पिशवीत टाकला. मग त्याने तिला वरपर्यंत सोडलं.

जेवताना आई म्हणाली, "निघताना त्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेव रे."

"का म्हणून?" वकीलसाहेब कोर्टात बोलावं तसे बोलले. "बिलात सेवाशुल्क लावतात ते. पगार द्यायचा मालकाने आणि भुर्दंड मला?"

"ते शुल्क त्याच्यापर्यंत पोचतं का, विचारलंस कधी?"

"विचारायला मी काय त्याचा वकील आहे?"

"नाहीस ना. मग मालकाचा तरी कशाला होतोस?" आई म्हणाली. "मालक चुकतोय असं वाटतं तर त्याला जाऊन सांग. ते नाही करत तू. बिल मुकाट्याने भरतोस, आणि तुझी सगळी तत्त्वं त्या दार धरणाऱ्यापाशी आल्यावर बरोबर आठवतात."

बायकोने बशीत बघत हसू दाबलं. वकीलसाहेबांनी विषय बदलला.

निघताना आई पोर्चमधल्या बाकावर टेकली होती. गाडी आली तसा वकीलसाहेबांनी फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने तिला उठवलं. "चल आई, चल, ऊठ लवकर." आई गुडघे सावरत उठली आणि घाईघाईने मागे बसली. पिशवी बाकावरच राहिली.

गाडी पोर्चमधून बाहेर पडली तोच मागून हाक आली, "साहेब! अहो साहेब!" आरशात तो मिशीवाला धावताना दिसला, एक हात वर केलेला.

"बघितलंस? कसा मागे लागलाय," वकीलसाहेब बायकोला म्हणाले. "लाज नाही लोकांना."

"अहो, थांबा ना. काहीतरी सांगत असेल."

"काय सांगणार ते माहितीये मला." त्यांनी काच वर केली आणि गाडी दामटली.

हमरस्त्यावर पुढच्या ट्रकचा धूर गाडीत शिरला आणि आईला खोकला सुटला. मग धाप. बायकोने पिशवीसाठी सीटखाली हात घातला, पायाशी बघितलं, पिशवी नव्हती. वकीलसाहेबांनी गाडी वळवली तेव्हा आईचे ओठ काळेनिळे पडत होते आणि ती काचेवर पंजा आपटत होती. त्यांनी सगळ्या काचा खाली केल्या.

रिसॉर्टच्या फाट्यावर तो समोरून धावत येताना दिसला, पिशवी छातीशी धरलेली. गाडी गाठता येणार नाही हे त्यालाही कळत असणार, तरी तो धावत होता. खिडकीतून त्याने पंप आईच्या हातात दिला आणि तिचा श्वास नीट होईपर्यंत तिथेच वाकून उभा राहिला.

वकीलसाहेबांनी पाकीट काढलं. होत्या तेवढ्या नोटा त्यांनी पुढे केल्या.

"आधी दवाखाना गाठा, साहेब," तो म्हणाला. "मीही निघतो. पोर्च सोडून आलोय."

आई आठवडाभर दवाखान्यात होती. बोलायची ताकद आली तेव्हा ती मुलाला एवढंच म्हणाली, "माझा श्वास अडकला तेव्हा काच खाली केलीस. तो हाका मारत होता तेव्हा वर केली होतीस."

वकीलसाहेब रिसॉर्टवर गेले. मिशीवाल्याला त्याच दिवशी काढून टाकलं होतं.

"पोर्चमध्ये गाड्या खोळंबल्या होत्या," व्यवस्थापक म्हणाला. "त्यात एका पाहुण्याने तक्रार केली, तुमची माणसं टीपसाठी गाडीमागे धावतात म्हणून."

"अहो, तो माझ्या आईची पिशवी द्यायला धावत होता!"

"आम्हाला काय कल्पना, साहेब? तुम्हाला तरी त्या वेळी काय वाटलं होतं?"

वकीलसाहेबांनी मिशीवाल्याचा पत्ता विचारला, तर रोजंदारीच्या माणसांचे पत्ते ठेवत नाही असं कळलं.

बाहेर एक नवा माणूस त्यांची गाडी घेऊन आला. गणवेश तोच होता, यालाही ढगळ होता. वकीलसाहेबांचा फोन खिशात होता. त्यांनी त्याच्या हातावर नोट ठेवली, तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काही सांगायचंय का?"

तो गोंधळला. "नाही साहेब. गाडीमागे धावायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलंय."

मंडळी, पगार नीट द्यायची जबाबदारी मालकाचीच आहे. ते भांडण मालकाशी अवश्य भांडा. पण ते मिटेपर्यंत आपली गाडी उन्हातून आणून देणाऱ्याच्या हातावर आपण जे ठेवतो ते दान नसतं, त्याच्या कामाचं मोल असतं. तेही द्यायचं नसेल तर त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणा. फोन खिशात ठेवा. आणि काच खाली असू द्या.