डाव्या बुटाचा बाण

"तुम्ही एका माणसाला दोन वर्षं आळशी म्हणत आलात आणि एकदाही त्याचा बूट उलटा करून पाहिला नाहीत. त्यानं किती फटके मारले, किती अडवले, किती सेकंद बर्फावर होता, सगळं मोजलंत. वरच्या काचेच्या खोलीत बसून मोजलंत. खाली उतरून त्याच्या पायांकडे कुणी पाहायचं?"

हे हेल्वी लेहटोनं शहरातल्या आइस हॉकी क्लबच्या साहेबांसाठी बेकरीच्या खोक्याच्या झाकणावर लिहिलं, कारण स्वयंपाकघरात दुसरा कोरा कागद उरला नव्हता. सगळे कागद नवऱ्यानं, रेनोनं, अडवले होते. मार्चमधला शुक्रवार होता. दुपारी तीनला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार होती आणि अशा दिवशी रेनोचं टेबल म्हणजे निवडणुकीचं कार्यालय. खोक्यात गुलाबी आयसिंगचे, पर्शियन नावाचे गोड पाव होते, सहा. पाचच उरले होते. रेनोच्या मिशीला गुलाबी रंग लागला होता.

झाकणावर पुढे अजून एक वाक्य यायला हवं होतं. ते हेल्वीला लिहिता येईना.

"पेल्की गेला समज," रेनो म्हणाला. "पेल्की आणि उन्हाळ्यातल्या नव्या पोरांच्या निवडीतली आपली दुसऱ्या फेरीची पाळी, एवढं द्यायचं. बदल्यात व्हॅलकूर घ्यायचा. रेडिओवर सकाळपासून हेच चाललंय. मी तर म्हणतो, पेल्कीला स्टेशनवर सोडायला मी स्वतः गाडी काढतो."

"तुझ्या गाडीची बॅटरी उतरलीय."

"मग ढकलत नेतो. हे बघ." त्यानं वही फिरवली. धान्याच्या कोठारावर सदतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर पोती संपली म्हणून हा गोल मोजू लागला. "वेस पेल्की. आपल्याकडे आल्यापासून एकशे एकतीस सामने. तो बर्फावर असताना आपण गोल केले अठ्ठ्याहत्तर, खाल्ले एकशे पाच. सत्तावीस खाली. बचावपटू आहे तो, हेल्वी. बचावपटूनं सत्तावीस खाली असणं म्हणजे पहारेकऱ्यानंच फाटक उघडून देणं. व्हॅलकूर अकरा वर आहे."

"व्हॅलकूर तेहतीस वर्षांचा आहे."

"अनुभवी आहे."

"डिसेंबरात त्याचा संघ इथे खेळायला आला तेव्हा त्यांचं धारेचं यंत्र बिघडलं होतं. त्यांच्या बुटांची सगळी पाती माझ्याकडे आली. व्हॅलकूर दर मध्यंतराला धार लावून घेतो, आणि मधली पन्हळ खोल मागतो, इतकी खोल की पातं बर्फात रुतावं. गुडघे धड असलेला माणूस असं मागत नाही. गुडघे गेले की माणूस पोलादाकडून काम करून घेतो."

रेनोनं पेन्सिल कानामागे ठेवली. "हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात घालू?"

हेल्वी सव्वीस वर्षं शहराच्या क्लबच्या, म्हणजे मूसच्या, खेळाडूंच्या स्केट-बुटांची पाती लावत होती. धार तीच लावायची, बुटाच्या तळव्यावर पात्याचं घर रिव्हेट मारून तीच बसवायची. सव्वीस वर्षांत तिच्या हाताबद्दल एकही तक्रार नव्हती, आणि ही गोष्ट ती कुणाला सांगायची नाही, कारण सगळ्यांना माहीत होती. शहरात ती दुकानात शिरली की लोक वाट देत.

तिनं कॉफी ओतली. मग म्हणाली, "चौदा जानेवारीखाली एक रेघ मार."

"का?"

"मार तर. वरचे वेगळे मोज, खालचे वेगळे."

रेनोला मोज म्हटलं की कारण लागत नाही. त्यानं रेघ मारली. ओठ हलत राहिले, पेन्सिल सरकत राहिली. आधी एकशे बारा सामने, केलेले एकसष्ट, खाल्लेले सत्त्याण्णव. रेघेखाली एकोणीस सामने, केलेले सतरा, खाल्लेले आठ.

त्यानं पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"छत्तीस खाली," तो म्हणाला, "आणि मग नऊ वर. ही दोन वेगळी माणसं आहेत, बाई."

"हो."

"पण एकोणीसच सामने. एकोणिसांवरून काही ठरत नाही. एखाद्याचं नशीब फिरतं एकोणीस सामने. कारण हवं ना त्याला."

"कारण आहे," हेल्वी म्हणाली, आणि झाकणावरचं जे वाक्य लिहिता येत नव्हतं ते तिनं बोलून टाकलं. "मी त्याच्या डाव्या बुटाचं पातं उलट्या बाजूला बसवत होते. दोन वर्षं."

रेनोनं पेन्सिल खाली ठेवली.

पेल्कीचा डावा पाय लहानपणापासून आत कलतो. म्हणून त्याच्या डाव्या बुटाचं पातं मधोमध नको, दोन मिलिमीटर आतल्या बाजूला हवं. आधीच्या क्लबनं त्याचं कार्ड पाठवलं होतं. त्यावर बुटाची आकृती आणि एक बाण. तिथला कारागीर बूट वरून पाहून चित्र काढायचा. हेल्वी कायम तळवा वर धरून काम करते, तिनं तो बाण तळव्यावरचा म्हणून वाचला. बूट उलटा केला की आतली बाजू उजवीकडून डावीकडे येते. हे ती झोपेत सांगेल. तरी वाचला. पातं बाहेर सरकलं, पाय आणखी आत पडला, आणि मग दर नव्या जोडाला तीच चूक, कारण तिच्या स्वतःच्या कार्डावर आता तिच्याच अक्षरात 'बाहेर' लिहिलं होतं. डावीकडे वळताना पेल्की अर्धा क्षण उशिरा वळायचा. त्या अर्ध्या क्षणात गोल व्हायचा. लोक ओरडायचे.

जानेवारीत त्याच्या आईनं कुठल्याशा देणगीच्या कार्यक्रमासाठी त्याचे आधीच्या क्लबमधले जुने बूट पाठवले, जरा चमकवून द्या म्हणून. हेल्वीनं ते उलटे केले. रिव्हेट दुसऱ्याच बाजूला होते.

"त्या संध्याकाळी मी नवा जोड नीट बसवला. कार्ड बदललं. तो म्हणाला, हेल्वी, बर्फ सपाट केल्यासारखा वाटतोय, काय केलंस? मी म्हटलं, धार."

"धार," रेनो म्हणाला.

"जीभ अशी वळली, आणि मग सात आठवडे मूग गिळून बसले."

रेनोनं वही मिटली. "मी त्याला रेडिओवर फोन करून लोळणारं अस्वल म्हणालोय. दोनदा. लोकांनी ते स्वेटरवर छापून घेतलं."

"मला माहीत आहे. एक स्वेटर तुझ्याकडे आहे."

"दहा वाजून गेलेत. कोट घाल," तो म्हणाला. "तीन वाजायला वेळ लागत नाही."

*

मैदानाच्या पोटात, धारेच्या खोलीबाहेर, पेल्की बाकावर बसला होता. सराव संपला होता. सत्तावीस वर्षांचा, दारात वाकून शिरणारा गडी, आणि पायाशी भरलेली बॅग. मुदतीच्या दिवशी ज्यांची नावं रेडिओवर येतात ते बॅग भरून बसतात. उगाच धावपळ नको.

"आलीस? शेवटची धार लावून घेऊ म्हटलं. व्हॅलकूरच्या गावचा कारागीर कसा असेल काय माहीत."

हेल्वीनं त्याच्या शेजारी बसून त्याची दोन्ही कार्डं त्याच्या मांडीवर ठेवली, बाण असलेलं जुनं आणि तिचं स्वतःचं. काही राखून न ठेवता सांगितलं. रेनो चार पावलांवर उभा राहून पर्शियनचं खोकं छातीशी धरून छताकडे बघत होता.

पेल्कीनं बाण पाहिला. कार्ड उलटं धरून पाहिलं. मग सुलटं.

"दोन वर्षं, हेल्वी."

"हो."

"मला वाटलं मी संपलो. डॉक्टरकडे गेलो होतो, कानाचा तोल तपासायला. बायको घरातल्या जिन्याला दुसरा कठडा बसवणार होती." तो हसला नाही. कार्डाची कड नखानं खरवडत राहिला. हेल्वी उठली नाही, समजूत घालायला गेली नाही. ज्याला राग यायचा हक्क आहे त्याला तो येऊ द्यावा, एवढं तिला कळत होतं.

"आता का सांगतेस?"

"कारण ते तुला तीनच्या आत देऊन टाकतील, आणि तुझ्याबरोबर माझी चूक पण पाठवतील, तुझ्या नावानं. आता मी वर जातेय. पण आधी तुला कळायला हवं होतं."

"मला इथून जायचं असतं तर?"

हे हेल्वीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती थांबली. "तर मी वर जात नाही."

पेल्कीनं बॅग पायानं बाकाखाली सारली. "घराला आत्ताच रंग दिलाय," तो म्हणाला. "जा वर. आणि रेनो, ते खोकं काय दाखवायला आणलंयस?"

रेनोनं खोकं पुढे केलं. "घे. अस्वलाबद्दल माफी."

"स्वेटर?"

"जाळतो."

"नको. बायकोला आवडतो."

*

काचेच्या खोलीत साहेब फोनवर होते. दुसरा फोन टेबलावर थरथरत होता. साहेबांचं नाव इथे लिहायची गरज नाही. असे साहेब प्रत्येक क्लबला एक असतात आणि खुर्ची तीच राहते. ऑक्टोबरात, हंगामाच्या तिकीटधारकांच्या बैठकीत, दोनशे लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावर हेच म्हणाले होते, "पेल्की आळशी आहे. डावीकडे वळायचं त्याच्या जिवावर येतं." लोक हसले होते. पेल्की पहिल्या रांगेत होता.

"मिसेस लेहटो, आज नाही," ते म्हणाले.

हेल्वीनं पेल्कीचा जानेवारीपर्यंत वापरलेला डावा बूट टेबलावर उलटा ठेवला. आकडेवारीच्या कागदांवरच. शेजारी रेनोचं पान, रेघ मारलेलं. मग सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. हाताची चूक सांगायला वेळ लागत नाही, लपवायलाच लागतो.

साहेबांनी फोन खाली ठेवला. बोटानं रिव्हेट चाचपले.

"ही चूक कुणाची?"

"माझी."

"फक्त तुमची?"

"हात माझा. दोन वर्षं कुणी विचारलं नाही, ते तुमचं."

साहेबांना हे आवडलं नाही, पण ते पानाकडे बघत होते. सतरा आणि आठ. "एकोणीस सामने फार थोडे असतात."

"कारण माहीत नसतं तेव्हा थोडे असतात. इथे कारण तुमच्या टेबलावर पडलंय. तुमची सरासरी दोन माणसांची आहे. त्यातला एक लंगडत होता, आणि तो आता या क्लबमध्ये नाही. तुम्ही राहिलेल्याला देऊन टाकताय."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"पेल्कीला. माझ्या नवऱ्याला."

"तेवढ्यातच ठेवा," साहेब म्हणाले, आणि थरथरणारा फोन उचलला.

*

धारेच्या खोलीत दगड फिरत होता आणि रेडिओ चालू होता. तीन वाजायला बारा मिनिटं असताना हेल्वीनं मुद्दामच दहा जोड काढले, हाताला काम असलं की कान शांत राहतात. रेनो स्टुलावर बसून दर बदलीचं नाव वहीत टिपत होता. दारात पेल्की उभा होता, पाचवा पर्शियन खात.

तीन वाजले. मग तीन दहा. उशिरा कळवलेल्या बदल्या यायच्या त्याही आल्या. व्हॅलकूर समुद्राकाठच्या कुठल्या क्लबला गेला होता. पेल्कीचं नाव कुठेच नव्हतं.

"राहिलास," रेनो म्हणाला.

"राहिलो," पेल्की म्हणाला. त्यानं फोन काढून बायकोला एकच शब्द लिहिला आणि बाकाखालची बॅग उचलून आपल्या कप्प्याकडे रिकामी करायला गेला. जाताना हेल्वीच्या खांद्यावर हात ठेवला, फक्त ठेवला, आणि बोटांना लागलेलं गुलाबी आयसिंग तिच्या कोटाला पुसून गेला. सव्वीस वर्षांत एवढी मोकळी ती त्या खोलीत कधी बसली नव्हती. आता शहरात कुणी वाट दिली नाही तरी चालणार होतं. दगड बंद करून तिनं शेवटच्या पर्शियनचे दोन तुकडे केले, मोठा रेनोला दिला.

तेवढ्यात रेडिओवर साहेब आले.

"वेसवर आमचा पहिल्यापासून विश्वास होता," साहेब सांगत होते. "जानेवारीपासूनचा फरक आमच्या विश्लेषण विभागानं केव्हाच टिपला होता. त्याला द्यायचा विचार आम्ही गंभीरपणे कधी केलाच नाही."

रेनोचा घास तोंडातच राहिला.

हेल्वीनं फोनसाठी हात पुढे केला. रेनोनं काही न विचारता नंबर लावला. तो नंबर त्याच्या बोटांना पाठ होता, आणि तिकडे निवेदकालाही त्याचा नंबर पाठ होता.

"आपल्याबरोबर आहेत रेनो, नेहमीप्रमाणे," निवेदक म्हणाला.

"रेनो नाही, त्याची बायको. हेल्वी लेहटो, धारवाली. साहेब ऐकताहेत का?"

"ऐकतोय," साहेबांचा आवाज आला. जरा सावध.

"मग सगळ्या शहरासमोर सांगते. पेल्कीच्या डाव्या बुटाचं पातं दोन वर्षं मी चुकीच्या बाजूला बसवलं. बाण उलटा वाचला. त्याचा पाय अडखळायचा तो माझ्यामुळे. ही चूक माझी आणि ती मी त्याच्या तोंडावर कबूल केलीय. तुमचा विभाग काय टिपत होता ते तुम्हाला ठाऊक, मला त्यात पडायचं नाही. मुलगा राहिला, मी खूश आहे. माझा एकच प्रश्न आहे."

"मिसेस लेहटो, या विषयावर आपण कार्यालयात—"

"ऑक्टोबरात तुम्ही दोनशे लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावर, त्याला आळशी म्हणालात. तो पहिल्या रांगेत बसला होता. आज तुमच्यासमोर ध्वनिक्षेपक आहे आणि ऐकणारे दोनशेहून जास्त आहेत. तो शब्द परत घेताय की नाही? हो की नाही, एवढंच सांगा. मी फोन धरून बसलेय."