सेनापतीच्या मिशा

मी धंद्याने रंगारी. दुनियेच्या भिंती रंगवतो, पण पटावरच्या लढाईच्या खेळातले माझे बोटभर सैनिक, जे ज्याचे त्यानेच रंगवायचे असतात, ते अजून डब्यातून निघाले तसेच, करड्या प्लॅस्टिकचे. "दाजी, दिव्याखाली अंधार!" मेहुणा दर रविवारी खेळायला आला की चिडवतो. "वेळ कुठे आहे?" मी म्हणतो. साफ थाप! खरं कारण वेगळंच.

एकदा मी इरेला पेटून सेनापती रंगवला होता. माझा हात भिंतीवरच्या रुंद ब्रशाचा, पण मिशा अशा झकास उतरल्या की मीच माझ्यावर फिदा झालो. पुढच्याच डावात मेहुण्याने त्याच्यावर तोफ वळवली. मेलेल्या सैनिकाला टिचकी मारून आडवं पाडायची त्याला घाणेरडी सवय. रंगाचा टवका उडाला असता! मी सेनापतीला गुपचूप कोपऱ्यात सरकवलं आणि अख्खी करडी फौज त्याच्यापुढे उभी केली. टिचक्यांवर टिचक्या बसल्या, फौज आडवी झाली. मी हरलो, पण मिशीला धक्का लागला नाही. मी तर जिंकल्यासारखा हसत होतो.

टेबल आवरता आवरता बायको म्हणाली, "अहो, एकाला रंगवलंत तर सगळी फौज मेली. सगळ्यांना रंगवलंत तर लढायला काय मला पाठवणार?"