तीन डाग

“कान झाकलेलेच राहू द्या,” मुलीचे वडील म्हणाले आणि मागच्या बाकावर पेपर उघडून बसले.

मी पोरांचे केस कापतो. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकतो, वर पोराला बसवतो आणि आपण एकदा सिंहाची दाढी केली होती ती गोष्ट सुरू करतो. चाळीस वर्षांपूर्वी तो सिंह बैलाएवढा होता, आता हत्तीला पुरून उरेल. मला त्याची लाज नाही. पोरं मान वळवतात, शिंकतात, मधेच आरशात वेडावतात. त्यांना जागेवर धरायला माझ्याकडे तो एक सिंहच आहे.

शाळेच्या गणवेशातच आलेली ही सातेक वर्षांची मुलगी मात्र सिंहाशिवायच पुतळा होऊन बसली. कात्री कानाजवळ गेली तशी तिने डोळे मिटले आणि श्वास रोखला. मी केस उचलले. डाव्या कानामागे तीन गोल डाग, सिगारेटच्या टोकाएवढे. एक अजून ओला होता.

“डास चावतात तिला,” वडील पेपराआडून म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्या शाळेतल्या बाईंना गाठलं आणि तिथे माझ्या जिभेने माती खाल्ली. तिनाचे डझन झाले, तिच्या इस्त्रीच्या शर्टातल्या बापाच्या डोळ्यांतून ठिणग्या उडायला लागल्या. बाईंची दोन्ही मुलं माझ्याच फळीवर मोठी झालेली. त्या हसून म्हणाल्या, “काका, सिंह थकला वाटतं. आता राक्षस आणलात?”

मी फणकाऱ्याने आठ दिवस गप्प बसलो. जेवण जाईना, तेव्हा बायकोने खोदून विचारलं.

“डाग किती होते?”

“चांगले दहा-बारा...”

“किती होते?”

“तीन.”

“मग तीनच सांगा. तीन कमी आहेत का?”

तिच्यासमोरच मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शाळा विचारली, दिवस विचारला, मी काय पाहिलं आणि वडील काय म्हणाले ते विचारलं. माझी पक्की खात्री नाही, असंही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, खात्री आम्ही करू, तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. एवढंसं खरं बोलताना माझा सदरा घामाने भिजला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांची माणसं शाळेत पोचली.

दोन महिन्यांनी मुलगी आली, मावशीचा हात धरून. आता ती मावशीकडेच राहते. उकडतंय, कान मोकळे करा, असं मावशीने सांगितलं.

मी केस उचलले. डाग सुकले होते. पाच होते. मी पुन्हा मोजले, तरी पाचच. वरचे दोन माझ्या त्या आठ दिवसांतले.

“आजोबा,” ती आरशातून म्हणाली, “शाळेतली मुलं सांगतात तो सिंह केवढा होता?”

हत्ती अगदी ओठांवर आला होता.

“सिंह नव्हता गं. म्हातारा कुत्रा होता. त्याला जखम झाली होती, तिच्याभोवतीचे केस कापले होते मी.”

तिने झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कात्री सरकली, एक बट भलतीच आखूड झाली.

“मग तो हलला?”

“खूप.”

ती पुढे वळली आणि फळीवरून पाय हलवायला लागली. डावी बाजू वाकडी होत गेली. मी होऊ दिली.