जोडीची पाटी

“पाण्यात नमस्कार करत बसशीन तं बावीस सेकंद त्यातच जातीन ना वं!” तोंडातलं पाणी फुर्रकन उडवत ईश्वरदास म्हणाला.

नंदिनी कठड्याला धरून हसत होती. “मंग काय करू, बाबा? दर खेपेले माहा पाय लागते तुमाले.”

“लागू दे. लावायचाच हाये तो. मी कीर्तनवाल्या बुवाले विचारून आलो.”

“पोरीनं बापाले पाय लावावा काय म्हून?”

“हाव. बुवा म्हणे, देवानं छातीवर लाथ खाल्ली अन् वर मारणाऱ्याचंच पाऊल चेपून देलं. तू तं साधा पंपवाला हायेस.”

सकाळचे साडेसहा वाजले होते. पोहण्याच्या टँकचे सभासद आठला येत. तोवरचा दीड तास इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना दिलेला होता. बापलेकीच्या कमरेला शिशाचे तुकडे ओवलेले पट्टे होते. वजन नेमकं जुळलं की माणूस ना वर येतो ना बुडतो, मध्येच राहतो. कोणाला किती शिसं लागेल ते ईश्वरदास नुसत्या नजरेनं सांगे. सव्वीस वर्षं या टँकचा पंप आणि फिल्टर सांभाळताना त्यानं पाण्यातली माणसंच तर पाहिली होती.

कॉलेजच्या सरिता मॅडमच्या चमूला एक संधी मिळाली होती. परदेशातलं एक विमान उंच चढतं, मग स्वतःला खाली झोकून देतं, आणि त्या वीस-बावीस सेकंदांत आतल्या कोणालाच वजन उरत नाही. तिथं आपला एखादा मैदानी खेळ कसा खेळता येईल, याचा प्रयोग करायचा होता. पोरांनी आट्यापाट्यांचा खेळ निवडला. मैदानात आखलेल्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक राखणदार, आणि त्याला हुलकावणी देऊन, अंगाला हात न लागू देता पलीकडं जायचं. सामान काही लागत नाही म्हणून निवडला, आणि तिथंच फसले. जमिनीवर पाय रोवून खांदा डावीकडं टाकता येतो नि अंग उजवीकडं नेता येतं. पण पाय रोवायला जमीनच नसेल तर? एकदा भिंत सोडली की माणूस जिकडं निघाला तिकडंच जातो.

“काकाजी, पॅकअप,” चौथ्या दिवशी प्रीतम नावाचा उंच पोरगा पाण्यातून बाहेर येत म्हणाला होता. “वजन नाही तं हुलकावणीच नाही. अपना खेल खतम.”

तुरटीची गोणी खांद्यावर घेऊन चाललेला ईश्वरदास थांबला. तरुणपणी मोहल्ल्याच्या मंडळाकडून पंधरा वर्षं तो आट्यापाट्या खेळला होता. बापाचा हातमाग विकला गेला त्या वर्षीसुद्धा त्यानं एक सामना चुकवला नव्हता. त्यानं गोणी खाली ठेवली. “एकट्याले नाही जमत,” तो म्हणाला, “दोघाईले जमन.”

दोघांनी एकमेकांची मनगटं धरून निघायचं. राखणदारासमोर आलं की गुडघे पोटाशी घ्यायचे, पायाच्या तळव्याला तळवा लावायचा आणि एकमेकांना ढकलायचं. एक इकडं जातो, दुसरा तिकडं. राखणदार बघतच राहतो. पोरांनी त्याला नाव दिलं, जोडीची पाटी. मॅडमनी चमूतली ‘खेळाडू’ म्हणून असलेली जागा ईश्वरदासच्या नावानं लिहून पाठवली, प्रीतम त्याचा जोडीदार ठरला. चोपन्नाव्या वर्षी ईश्वरदास हेडाऊचा पासपोर्ट निघाला. नंदिनी त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती आणि चमूत राखीव होती. प्रीतमला सकाळी जाग आली नाही की बापाबरोबर तीच पाण्यात उतरे, आणि प्रीतमला जाग क्वचितच येई.

उतरण्याआधी काय दुखतंय-खुपतंय ते एकमेकांना सांगायचं, हा ईश्वरदासचा नियम होता. श्वास धरून ज्याच्या भरवशावर राहायचं, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. नमस्कारावरून हसू झालं त्या सकाळीही उतरताना नंदिनीनं सांगितलं होतं की दाढ ठणकते. पट्टा आवळत ईश्वरदास म्हणाला होता, “मले मंगळवारी पंपाजवळ चक्कर आली. भिंतीले धरून बसलो थोडा वेळ. गेली निघून.”

“मंगळवारी? विमानासाठी तब्येतीचा फॉर्म तं तुमी काल भरला, बाबा. त्यात चक्कर येते काय म्हून विचारलं होतं.”

“‘नाही’ लिहिलं. उपाशी होतो म्हून आली ना ते. तुले सांगतलं, जोडीदार म्हून. कोनाले सांगू नको.”

“नाही सांगत,” नंदिनी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एकादशी आली. मोहल्ल्यातल्या विठ्ठल मंदिरात धोंडबाबुवांचं कीर्तन होतं. बुवांच्या मागं झांज घेऊन उभं राहायचं, ही ईश्वरदासची कित्येक वर्षांची जागा. बुवा अभंगाचं एक चरण आळवत होते, आळवता आळवता थांबले, मागं वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मंडळी, आपला ईश्वरदास अशा ठिकानी चालला, जिथं कोनालेच वजन नाही. शेटजीले नाही अन् शेटजीच्या तिजोरीलेही नाही!”

सभामंडप हसला. पहिल्या रांगेतले एक शेटजी सगळ्यांत जोरात हसले.

“तिथं वर काय अन् खाली काय? लहान कोन अन् मोठा कोन? आपन इथं जन्मभर टाळ कुटून राहिलो, या ‘मी’चं वजन थोडं कमी व्हावं म्हून. कमी होते काय? नाही होत. अन् हा गडी पाहा, विमानानंच चालला!”

बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून ईश्वरदासच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला. ईश्वरदासनं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते लवकर उचललं नाही. वर पाहिलं तेव्हा बायकांच्या बाजूला त्याची बायको कुसुमावती पदरानं डोळे टिपत होती. शेजारी बसलेली नंदिनी टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या थांबल्या नव्हत्या.

शनिवारी हृदयाच्या तपासणीची पट्टी आली. ती घेऊन आणि पानात बांधलेला एकादशीचा प्रसाद घेऊन ईश्वरदास मॅडमच्या खोलीत गेला.

“बसा, काकाजी,” मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्याकडं न पाहता समोरचे कागद सरळ करत राहिल्या. “मलाच तुमच्याकडं यायचं होतं. नंदिनी बोललीच असेल.”

“काय?”

मॅडमचे हात थांबले. “ती म्हणाली, मी बाबांना सांगते. नाही सांगितलं का?”

त्यांनी एक कागद पुढं केला. नंदिनीचं वळणदार अक्षर. तिसरीत पाटीवर गिरवून घेतलं होतं ते ईश्वरदासनंच.

*माझ्या वडिलांना मागील मंगळवारी पंपाजवळ चक्कर आली होती. त्यांनी ही गोष्ट फॉर्ममध्ये लिहिलेली नाही. विमानात त्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून कळवीत आहे. त्यांच्या जागी जाण्यास मी तयार आहे.*

पहिल्या तीन ओळींत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. चौथी ओळ त्यानं दोनदा वाचली. मग खालची तारीख पाहिली. ती एकादशीच्या दोन दिवस आधीची होती.

“काकाजी, नियम म्हणजे नियम आहे. समजल्यावर मला डोळे झाकता येत नाहीत. तुमचं नाव आम्ही मार्गदर्शक म्हणून...”

“माहंच चुकलं, मॅडम,” ईश्वरदास म्हणाला. “खोटं मीच लिहिलं.” त्यानं पट्टीचं पाकीट परत खिशात घातलं. प्रसाद टेबलावर ठेवला आणि तो निघाला.

घरी आला तर कुसुमावती स्टीलचा डबा पुसत होती. “अवो, शेजारची नीलाबाई चिवडा देऊन गेली तुमच्यासाठी. म्हणे, तिथं मुठीतून उडून तं नाही जाणार ना?” तिला स्वतःलाच हसू आलं. “मी म्हटलं, उडाला तं तोंडानं धरतीन.”

“नंदीच्या बॅगेत ठेव,” ईश्वरदास म्हणाला.

पलंगावर बसलेल्या नंदिनीच्या हातातला मोबाइल खाली आला.

“तिच्या कायले?” कुसुमावती म्हणाली. मग तिनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. “काय झालं? बोला ना कोनी!”

“बाबा, मी काळजीनं लिहिलं,” नंदिनी म्हणाली. “खरंच. मले झोप नोती येत.”

“समजलं मले. तीन ओळी काळजीच्या हायेत. चौथी कायची हाये?”

नंदिनीनं मोबाइल उशीखाली सरकवला. मग ती म्हणाली, “मलेही जायचं होतं.”

“मंग मले जागा मागायची.”

“तुमी देली असती?”

हो म्हणून टाकणं सोपं होतं. म्हटलं असतं तर पोरगी तिथंच कोसळली असती.

“नसती देली,” ईश्वरदास म्हणाला. “भांडलो असतो तुह्याशी. पन समोरासमोर. तू तं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या वं, पोरी.”

“आता लेकरूच हाये ते,” कुसुमावतीनं मध्ये पडून पाहिलं. “चुकलं तिचं. पन परकी थोडीच हाये?”

“परक्याले मी चक्कर सांगतलीच नसती.”

दुसऱ्या दिवसापासून ईश्वरदास साडेसहाला पंपघरातून बाहेर येईना. मोहल्ल्यात लोक विचारत, किती तारीख निघाली? तो म्हणे, “पोरगी चालली.” लोक म्हणत, वा, घरातल्या घरातच! त्यावर तो मान हलवी. कीर्तनाला गेला तेव्हा बुवांनी काही विचारलं नाही, नुसती झांज हातात दिली. ते त्याला बरं वाटलं. पण झांजेचा ठेका दोनदा चुकला, आणि तो आजवर चुकला नव्हता.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा प्रीतम ओलाचिंब पंपघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“काकाजी, आमची जोडी फुटूनच नाही राहिली.”

“मी पंपवाला हाये गा. पाणी घाण असन तं सांग.”

“पाणी बरोबर हाये. आमीच घाण खेळून राहिलो.”

ईश्वरदास हसला नाही. प्रीतम परत पाण्याकडं गेला. पंपघराला टँकच्या बाजूनं जाळीची खिडकी होती. ईश्वरदासनं तिकडं पाठ करून दाबाच्या गेजचा आकडा पाहिला, व्हॉल्व्ह उगाच थोडा फिरवला, परत होता तिथं आणला. मग वळला.

प्रीतम आणि नंदिनी मनगटं धरून निघत. राखणदार झालेल्या तिसऱ्या पोरासमोर येत. गुडघे वळत, तळवे लागत, आणि नेमक्या त्या क्षणी नंदिनी पाय आखडून घेई. प्रीतमच्या ढकलण्याला पलीकडून काही टेकूच मिळत नसे. दोघं तिथंच घोटाळत, राखणदार एका हातानं दोघांना शिवून मोकळा होई. एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्यांदा तसंच झालं तेव्हा ईश्वरदासनं खुंटीवरचा पट्टा काढला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“काकाजी, तब्येत?” काठावरून मॅडम घाबऱ्याघाबऱ्या म्हणाल्या.

“छातीइतकं पाणी हाये, मॅडम. अन् चौघं जण हाये काढाले.”

तो उतरला. पोरं बाजूला झाली. “प्रीतम, तू पाटीवर राह्य,” त्यानं सांगितलं, आणि नंदिनीपुढं मनगट केलं. “ये.”

तिनं धरलं. भिंतीला रेटा देऊन दोघं निघाली, पाण्याखालून, प्रीतमच्या पसरलेल्या हातांकडं. गुडघे आत गेले. तिच्या तळव्यांचा स्पर्श त्याच्या तळव्यांना झाला, दाब आला न आला, आणि प्रीतमनं दोघांना शिवलं. वर आले तेव्हा नंदिनी धापा टाकत होती.

“डोळे काहून बंद केले?”

“पाणी जाऊन राहिलं होतं.”

“तीन महिने नाही गेलं.”

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं, त्यात तिच्या डोळ्यांतलं किती होतं ते कळत नव्हतं.

“आयक,” ईश्वरदास म्हणाला. आवाज त्यानं मुद्दाम कोरडा ठेवला होता. “अर्धं ढकलशीन तं मीही सापडतो अन् तूही सापडतं. पुरं ढकल. अन् डोळे उघडे ठेव. माह्याकडं पाहून ढकल.”

“बाबा...”

“चल. श्वास घे.”

पुन्हा दोघं खाली गेली. निळसर उजेडात तिचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, गाल फुगलेले, डोळे सताड उघडे आणि लालभडक. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानंही नजर काढून घेतली नाही. तळव्याला तळवा लागला. मग तिनं सगळ्या अंगाचा जोर लावून त्याला ढकललं.

मनगटं सुटली. प्रीतमचे हात दोघांच्या मधून नुसतेच फिरले. नंदिनी बाणासारखी तिकडं गेली, लहान लहान होत गेली. ईश्वरदास तितक्याच वेगानं मागं चालला होता, हात पसरलेले, पाय कुठंच न टेकलेले. भिंत अजून बरीच लांब होती.