डेल्मर मोजायचा राहिला असता

डेल्मर कुचेरा लसूणघासाचे गठ्ठे बांधत होता, तेवढ्यात लव्हॉनची गाडी धुरळा उडवत बांधाशी येऊन थांबली. एरवी ही लव्हॉन गावात पशुखाद्याचं दुकान चालवायची. पण या उन्हाळ्यात जनगणनेचा सरकारी बिल्ला गळ्यात पडला आणि बाईची चालच बदलली. आमच्या काउंटीत माणसांपेक्षा गुरं जास्त, तेव्हा एकही डोकं सुटायला नको, असा तिला वरून हुकूम होता.

"डेल्मरकाका, एक एप्रिलला, मोजणीच्या ठरल्या दिवशी, तुमी कुटं ऱ्हात व्हता?"

"हितंच की! आज्यानं बांधल्यालं घर हाय ह्ये."

"आन् झोपायला?"

डेल्मरनं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तुमच्या सैपाकघरात डोकावून आले मी," लव्हॉन म्हणाली. "चुलीवर चिमणीनं घरटं केलंय. चार पिल्लं हायत."

"मग त्यास्नी मोज."

"काका, थट्टा नगं. खरं लिवायची शपथ घेतलीया मी. ह्ये घर रिकामं लिवावं लागंल."

ओढ्यापलीकडे आर्डिसच्या घरी डेल्मर सहा वर्षं राहतोय, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत आहे, हे फक्त आर्डिसला माहीत नव्हतं. दोन नवरे पुरलेली, चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई. डेल्मरनं तिला चारदा लग्नाचं विचारलं आणि चारदा तिनं "आधी गुरांचं बघ" म्हणून त्याला बाहेर पिटाळलं.

"तिच्याकडं जाऊन आलीस?" त्यानं हळूच विचारलं.

"सकाळीच. मावशी म्हनली, घरात एकटीच हाय."

डेल्मर गठ्ठ्यावर बसला. त्याला खरंच वाईट वाटलं. "हितं रिकामं, तितं ती एकटी. मग मी कुटला गं? चौऱ्याहत्तर वर्सं ह्याच काउंटीत राबलो, आन् कागदावर मी न्हाईच?"

लव्हॉननं त्याला गाडीत घातलं आणि थेट ओढा ओलांडला. आर्डिस खसखस भरलेले गोड पाव, कोलाची, भट्टीतून काढत होती. दोघांना एकत्र बघून तिचा चेहरा पडला.

"मावशी, ह्ये काका कुनाच्याच घरात बसंनात. कागद अर्धा ऱ्हायलाय."

आर्डिसनं डेल्मरकडे पाहिलं. तो टोपी हातात धरून दारातच उभा होता, आत यायची परवानगी नसल्यासारखा.

"दोन लिव," ती म्हणाली.

"नातं?" लव्हॉननं यादीवर बोट ठेवलं. "भाडेकरू?"

"एक सेंट दिला न्हाई त्यानं."

"पाव्हना?"

"सा वर्सं खातोय, पाव्हना कसला!"

"मग... लग्नाबिगरचा जोडीदार, असं एक हाय."

पेटीवाल्या बाईचे कान लाल झाले. डेल्मरनं टोपी छातीशी धरली. इतक्या वर्षांत त्याला इतकी भीती गारपिटीचीही वाटली नव्हती.

"तेच लिव," आर्डिस म्हणाली. "आन् ठळक लिव. सरकारी मानसं म्हातारी असत्यात, दिसत न्हाई त्यास्नी."

लव्हॉननं लिहिलं आणि पुढचा कागद काढला. "काका, मग तिकडलं घर रिकामं लिवू न्हवं?"

"लिव की!" डेल्मर आत येत, खुर्ची ओढत म्हणाला. "तितं कुनी ऱ्हात न्हाई, गावाला इचार."